शाळेचा स्वतःचा चाचणी-फलक : लिनक्स सर्व्हरची उभारणी आणि तिचा अर्थ

शाळेच्या कार्यालयातील लोखंडी कपाटात दोन प्रकारच्या नोंदी असतात. एक म्हणजे जनरल रजिस्टर. त्यात विद्यार्थ्याचे नाव एकदा चढले की ते कायमचे राहते. दुसरी म्हणजे चाचण्यांची निकालपत्रके. ती वर्षभर शिक्षकांच्या हातांत फिरतात, पालकसभेपर्यंत जपली जातात आणि पुढे गठ्ठ्यांत बांधली जाऊन विस्मृतीत जातात. पहिली नोंद मूल शाळेत आले हे सांगते. शाळेत आल्यावर त्याला काय मिळाले, हे दुसरी नोंद सांगू शकते. आपण मात्र तिला फारसे बोलू देत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला नोंदीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या महार मुलाला दार बंद झाले. ही गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे, कारण तो अर्ज आणि त्यावरील नकार सरकारी कागदपत्रांत राहिला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शासकीय हायस्कूलच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकापुढे भिवा रामजी आंबेडकर हे नाव लिहिले गेले. त्या एका ओळीमुळे २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. ज्या समाजाच्या नोंदी दीर्घकाळ इतरांनीच ठेवल्या, त्या समाजाच्या शाळेने आपल्या मुलांच्या नोंदी कोण ठेवतो, कोठे ठेवतो आणि कशासाठी वापरतो, याचा विचार करणे स्वाभाविक आहे.

या लेखाचा विषय वरवर तांत्रिक आहे. शाळेतीलच एका जुन्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली बसवून चाचण्यांचे निकाल दाखवणारा फलक, म्हणजे डॅशबोर्ड, कसा उभा करावा, हे येथे क्रमाने सांगायचे आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी पुण्या-मुंबईत संगणकक्षेत्रात स्थिरावलेल्यांना यातील पुष्कळ भाग परिचित वाटेल. पालकांना मात्र तो नवा असेल. म्हणून दोघांनाही समजेल अशा भाषेत ही मांडणी केली आहे.

डॅशबोर्ड म्हणजे काय?

या शब्दाचा प्रवास मनोरंजक आहे. घोडागाडीच्या पुढच्या बाजूस घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल अडवण्यासाठी जी फळी लावत, ती मूळची डॅशबोर्ड. पुढे मोटारी आल्या आणि चालकासमोरच्या त्याच जागी वेग व इंधन दाखवणारे काटे बसले. आता संगणकाच्या पडद्यावर निरनिराळ्या आकड्यांचे सार एका नजरेत दाखवणाऱ्या पानाला हे नाव पडले आहे. काट्यांचे काम चालकाला दोष देण्याचे नसते. रस्ता पुढे असताना गाडीची स्थिती त्याला कळावी, एवढाच त्यांचा हेतू असतो.

संगणकउद्योगात 'टेस्ट डॅशबोर्ड' याला आणखी नेमका अर्थ आहे. एखादा प्रोग्रॅम तयार होत असताना त्याच्या प्रत्येक भागासाठी लहान लहान चाचण्या लिहून ठेवतात. प्रोग्रॅममध्ये बदल झाला की त्या सर्व चाचण्या आपोआप चालतात आणि फलकावर हिरव्या-लाल खुणा उमटतात. हिरवी खूण म्हणजे तो भाग नीट चालतो, लाल खूण म्हणजे तेथे काहीतरी बिघडले आहे. लाल खूण दिसताच ज्याने तो भाग लिहिला तो उठतो, कारण शोधतो, दुरुस्ती करतो आणि चाचणी पुन्हा चालवतो.

आता शाळेकडे पाहू. आपल्याकडे लाल शाईची खूण कोणाच्या नावापुढे पडते? मुलाच्या. वस्तुतः चाचणी ज्या गोष्टीची होते तीत मुलाचा अभ्यास असतो, तसेच आपले शिकवणे, पाठ्यपुस्तकाची भाषा, प्रश्नाची रचना आणि मुलाची त्या दिवसाची प्रकृती हेही सारे असते. वर्गातील चाळीसपैकी तीस मुलांचा एकच प्रश्न चुकला असेल, तर ती लाल खूण तीस मुलांची म्हणता येत नाही. ती त्या पाठाची आहे. निकालपत्रकात एकूण गुणांची बेरीज तेवढी दिसत असल्याने हे सत्य झाकले जाते. प्रश्नवार नोंद ठेवणारा फलक ते उघडे करतो. आपल्यासारख्या निवासी शाळेत हा केवळ सोयीचा प्रश्न उरत नाही. ज्या मुलाच्या घरात शाळेची पायरी चढणारे तेच पहिले असते, त्याला 'तू ढ आहेस' हे एकदा पटले की ते खोडून काढायला घरी कोणी नसते.

फलक स्वतःचा का असावा?

शासनाकडे असे फलक आहेत. २०१५ पासून 'सरल' प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती भरली जाते. नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांचे गुण विद्या समीक्षा केंद्रासाठी चॅटबॉटद्वारे नोंदवले जातात. राज्याला आपल्या लाखो मुलांची स्थिती कळणे आवश्यक आहे. त्यावर आक्षेप असण्याचे कारण नाही. परंतु ती माहिती खालून वर जाते. नववीच्या वर्गात अपूर्णांकांचा गुणाकार कोठे अडला हे सोमवारी सकाळी शिक्षकाला सांगणे, हे तिचे काम नव्हे.

दुसरा मार्ग खासगी कंपन्यांच्या सेवांचा. त्या आकर्षक असतात आणि काही आरंभी विनामूल्यही असतात. मात्र तेथे मुलांची नावे, गुण आणि सवयी दूरच्या कोणाच्या तरी यंत्रावर जातात. वर्गणी थांबली की नोंदी हाती राहतील याची खात्री नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचे तत्त्व मांडले. तेव्हा मुलांची माहिती शाळेच्या आवारातच राहावी, हा आग्रह जुनाट म्हणता येणार नाही.

तिसरा मार्ग म्हणजे स्वतःचा सर्व्हर. सर्व्हर म्हणजे काही गूढ यंत्र नव्हे. जो संगणक इतर संगणकांच्या मागणीला उत्तर देत राहतो, तो सर्व्हर. शाळेच्या ग्रंथालयात एक ग्रंथपाल बसतो आणि अनेक वाचक त्याच्याकडे पुस्तके मागतात, तसेच हे आहे.

या कामासाठी लिनक्सच का, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. सप्टेंबर १९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी सर्वांना वापरता, अभ्यासता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली घडवण्याचा संकल्प जाहीर केला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण अशा प्रणालीचा गाभा लिहीत असल्याचे कळवले. या दोन प्रवाहांच्या संगमातून जगभरातील हजारो हातांनी लिनक्स वाढवली. तिला केवळ 'फुकट' म्हणणे अपुरे आहे. तिचा खरा गुण 'मुक्त' असणे हा आहे. ज्ञान कोणा एका वर्गाच्या तिजोरीत बंद राहू नये, ही गोष्ट आपल्या वाचकांना विस्ताराने समजावण्याची गरज नाही.

शाळेत लिनक्स हा प्रयोगही नवा नाही. केरळने आपल्या सरकारी शाळांतील संगणकशिक्षण मोठ्या प्रमाणावर लिनक्सवर उभे केले. आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात, कर्जत परिसरातील एका धनगरवाड्याच्या शाळेत २००७ मध्ये 'एक मूल, एक लॅपटॉप' या जागतिक योजनेचा भारतातील आरंभीचा प्रयोग झाला. त्या छोट्या लॅपटॉपवर लिनक्सच चालत असे. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजातही उपलब्ध आहेत. शिकू इच्छिणाऱ्या शिक्षकाने तेथून आरंभ करावा.

यंत्र आणि त्याची जागा

नवा महागडा संगणक घेण्याची आवश्यकता नाही. चौसष्ट बिटचा प्रोसेसर, शक्यतो आठ जीबी मेमरी आणि एक नवी एसएसडी एवढे असले की एखाद्या कार्यालयाने मोडीत काढलेला डेस्कटॉपही पुरतो. मेमरी चार जीबी असली तरी काम होते, पण फलक मंद चालतो. वीजखर्चाचा अंदाज सोपा आहे. समजा यंत्र सरासरी ६० वॅट वीज घेते. चोवीस तास चालवले तर दिवसाला १.४४ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे ४३ युनिट होतात. शाळेच्या वेळेपुरते, आठ तास, पंचवीस दिवस चालवले तर १२ युनिटांत भागते.

जागेची निवड मात्र कोकणात विचारपूर्वक करावी लागते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा तळमजल्यावरील कागद आणि संगणक दोन्ही सारखेच भिजले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगड भागातील घरांची आणि शाळांची छपरे उडवली. म्हणून सर्व्हर तळमजल्यावर नको आणि पत्र्याच्या थेट छपराखालीही नको. पावसाची झड येणारी भिंत, स्वयंपाकघराचा धूर आणि खाऱ्या वाऱ्याकडे उघडणारी खिडकी या तिन्हींपासून तो दूर असावा. यूपीएस अनिवार्य समजावा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा अर्थिंग नीट असणे हे यंत्राच्या किमतीहून महत्त्वाचे ठरते. जांभ्याच्या जाड भिंतींतून वाय-फाय फारसे पुढे जात नाही. तेव्हा शिक्षककक्षापर्यंत साधी नेटवर्क केबल टाकणे उत्तम.

उभारणीचे टप्पे

पहिला टप्पा लिनक्स बसवण्याचा. डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर या दोन्ही आवृत्त्या विश्वासार्ह आहेत. उबुंटूची दीर्घकालीन आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा-सुधारणा मिळतात. शाळेसाठी नेहमी हीच निवडावी. अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवावी, तिची पडताळणी-संख्या जुळते का ते पाहावे, ती पेन ड्राइव्हवर चढवावी आणि संगणक त्यावरून सुरू करावा. यंत्रावरील जुने सर्व काही या वेळी पुसले जाते. म्हणून हवे ते आधीच काढून ठेवावे. संगणकाच्या बायोसमध्ये 'वीज परत येताच सुरू हो' ही सूचना असते, तीही चालू करावी.

दुसरा टप्पा पत्त्याचा. शाळेच्या राउटरमध्ये या यंत्रासाठी एक कायमचा अंतर्गत पत्ता राखून ठेवावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०. या मालिकेतील पत्ते वाडीतल्या घरांच्या खुणेसारखे असतात. 'पिंपळाजवळचे घर' वाडीतल्या माणसाला कळते, पण त्या पत्त्यावर मुंबईहून पत्र येत नाही. तसेच बाहेरच्या इंटरनेटवरून या पत्त्यावर थेट कोणी पोहोचत नाही. राउटरमध्ये बाहेरून आत येण्याची वाट, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग, मुद्दाम उघडू नये. पालकांना घरबसल्या गुण दिसावेत हा मोह होईल. तो आवरावा.

तिसरा टप्पा कुंपणाचा. यूएफडब्ल्यू नावाची साधी फायरवॉल उबुंटूसोबतच मिळते. शाळेच्या अंतर्गत जाळ्यातून फलकाच्या दाराकडे आणि एका ठरावीक संगणकावरून दुरुस्तीच्या दाराकडे, एवढीच ये-जा तिच्यात मोकळी ठेवावी. शिक्षकांचे वाय-फाय आणि पाहुण्यांचे किंवा विद्यार्थ्यांचे वाय-फाय वेगवेगळे असावे. अंतर्गत जाळ्यावरील साध्या जोडणीत पासवर्ड उघडा प्रवास करतो. एकाच जाळ्यात सर्वांना घेतले तर एखादा हुशार दहावीचा विद्यार्थी तो वाचू शकेल.

चौथा टप्पा नोंदींच्या कपाटाचा. त्यासाठी पोस्टग्रेएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली वापरावी. तीही मुक्त आहे, आणि युनिकोडमुळे मराठी मजकूर जसाच्या तसा साठवते. येथे दोन वापरकर्ते तयार करावेत. एकाला नोंदी लिहिण्याचा अधिकार, दुसऱ्याला फक्त वाचण्याचा. फलकाला नेहमी दुसऱ्याचीच किल्ली द्यावी. फलकाकडून काही गडबड झाली तरी मूळ गुणांना धक्का लागत नाही.

पाचवा टप्पा फलकाचा. मेटाबेस हा त्यासाठी सोयीचा मुक्त प्रोग्रॅम आहे. तो जावा या व्यासपीठावर चालतो आणि सामान्यतः ३००० क्रमांकाच्या दारावर उत्तर देतो. म्हणजे शिक्षकाने आपल्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि पुढे हा क्रमांक लिहिला की पान उघडते. माहिती विचारण्यासाठी संगणकाची भाषा यावीच लागते असे नाही. 'घटकानुसार सरासरी दाखव' हे यादीतून निवडून सांगता येते. दोन सूचना महत्त्वाच्या आहेत. मेटाबेस स्वतःची मांडणी आरंभी एका साध्या फाइलमध्ये ठेवतो. कायमच्या वापरासाठी तीही पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ठेवावी. दुसरे, काही जण तो डॉकर नावाच्या पेटीत बसवतात. तसे केल्यास डॉकर आपली दारे यूएफडब्ल्यूला वळसा घालून उघडतो, हे ध्यानी ठेवावे. म्हणून नवख्याने जावाची साधी पद्धत स्वीकारावी आणि प्रोग्रॅम सिस्टिमडीच्या सेवेत नोंदवावा. मग वीज जाऊन आली तरी फलक आपोआप सुरू होतो.

नोंदीची मांडणी : खरे काम येथे आहे

यंत्र एका शनिवार-रविवारात उभे राहते. खरा विचार तक्त्यांचा करावा लागतो. तीन तक्ते पुरेत. पहिल्यात विद्यार्थ्याचा सांकेतिक क्रमांक, इयत्ता आणि तुकडी. दुसऱ्यात प्रत्येक प्रश्न : कोणती चाचणी, कोणता विषय, कोणता घटक, कमाल गुण किती. तिसऱ्यात उत्तर : कोणत्या विद्यार्थ्याला कोणत्या प्रश्नात किती गुण. विद्यार्थ्याचे नाव आणि सांकेतिक क्रमांक यांची जुळणी वेगळ्या वहीत, कार्यालयाच्या कपाटात राहू द्यावी.

जातीचा रकाना या तक्त्यांत नसावा. हे विधान काहींना अनपेक्षित वाटेल. जातिनिहाय आकडेवारी नसेल तर अन्याय सिद्ध करता येत नाही, हे आपल्या चळवळीने वारंवार अनुभवले आहे. राज्याच्या आणि देशाच्या पातळीवर ती आकडेवारी हवीच. परंतु ज्या पडद्याकडे शिक्षक दररोज पाहतो, त्यावर मुलाच्या गुणांशेजारी त्याची जात असण्याचे शैक्षणिक प्रयोजन काहीच नाही. तेथे ती आली तर समजुतीच्या आधी पूर्वग्रह तयार होतो.

गैरहजेरी आणि शून्य यांतील भेद हा दुसरा कळीचा मुद्दा. एका प्रश्नाला पाच गुण आहेत, वर्गात चाळीस मुले आहेत, छत्तीस हजर आहेत आणि त्यांची सरासरी तीन गुण आहे असे समजू. हजर मुलांचे एकूण गुण १०८ झाले. गैरहजर चौघांपुढे शून्य लिहिले तर सरासरी ३ वरून २.७ वर घसरते आणि शिकवण्यात नसलेला दोष दिसू लागतो. त्याहून वाईट असे की तापाने अंथरुणावर असलेल्या किंवा आंब्या-काजूच्या हंगामात घरी अडकलेल्या मुलाला 'काहीच येत नाही' असा शिक्का बसतो. डेटाबेसमध्ये 'नोंद नाही' यासाठी रिकामी जागा ठेवण्याची स्वतंत्र सोय असते. ती वापरावी. मुलाने प्रश्न सोडवलाच नाही, की सोडवला पण चुकला, हा भेदही नोंदवता आला तर अधिक चांगले.

घटकाचे नाव लिहिताना एकवाक्यता हवी. एका शिक्षकाने 'अपूर्णांक' आणि दुसऱ्याने 'व्यवहारी अपूर्णांक' लिहिले तर संगणक त्यांना दोन वेगळे घटक समजतो. सत्राच्या आरंभी विषयशिक्षकांनी एकत्र बसून यादी ठरवावी. गुण भरण्यासाठी लिब्रेऑफिसचा तक्ता वापरावा आणि तो आठवड्यातून एकदा डेटाबेसमध्ये घ्यावा. शिक्षकावर याचे ओझे पडते, हे खरे आहे. म्हणून प्रत्येक चाचणी यात आणू नये. महिन्यातून एका विषयाची एक छोटी, दहा प्रश्नांची चाचणी पुरे.

फलकावर काय असावे, काय नसावे?

तीन चित्रे असावीत. पहिले : घटकनिहाय सरासरी. कोणता पाठ पुन्हा घ्यायचा ते यातून कळते. दुसरे : प्रश्ननिहाय चित्र. बहुतेकांचा चुकलेला प्रश्न त्यात वर येतो, आणि मग शिक्षक आधी प्रश्नाची भाषा तपासतो. गणित येत असूनही 'नफ्याचे शेकडा प्रमाण' हे शब्द न कळल्याने मूल अडते, असे पुष्कळदा घडते. तिसरे : एकाच विद्यार्थ्याचा काळानुसार प्रवास. यात त्याची तुलना त्याच्याच मागील चाचणीशी होते. हे चित्र फक्त वर्गशिक्षक आणि पालक यांनी समोरासमोर बसून पाहावे.

वीसपैकी बारा गुण मिळवणारी दोन मुले निकालपत्रकात अगदी सारखी दिसतात. फलकावर त्यांतील एकाचे आठही गुण अपूर्णांकांत गेलेले असतात, तर दुसऱ्याचे प्रत्येक लेखी उदाहरणात एकेक असे विखुरलेले. पहिल्याला चार तास अपूर्णांक हवेत, दुसऱ्याला वाचनाचा सराव हवा. दोघांनाही 'जास्त अभ्यास करा' असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे.

क्रमवारी नसावी. पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे दाखवणारे चित्र दोन मिनिटांत बनवता येते. ते न बनवणे हा निर्णय शाळेने लेखी करावा. भिंतीवरच्या पडद्यावर कोणाचेही नाव किंवा क्रमांक नसावा. लहान तुकड्यांत टक्केवारीही जपून वाचावी. आठ मुलांच्या तुकडीत एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. तेथे एका मुलाच्या आजारपणाने आलेख कोसळतो. आणि फलकावरील आकड्यांवरून शिक्षकांचे मूल्यमापन करू नये. तसे झाले तर आकडे चांगले दिसू लागतील आणि खरे राहणार नाहीत.

प्रत, जबाबदारी आणि वारसा

ज्या नोंदीची प्रत नाही ती नोंद अर्धी गेलेलीच समजावी. दररोज रात्री, किंवा यंत्र फक्त दिवसा चालवत असल्यास शाळा सुटताना, डेटाबेसची प्रत आपोआप निघेल अशी सूचना क्रॉन या सोयीत देता येते. जाणकारांचा संकेत असा : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतील एक आवाराबाहेर. आवाराबाहेर जाणारी प्रत कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली, असावी. पेन ड्राइव्ह बसमध्ये हरवला तरी मुलांची माहिती हरवता कामा नये. सत्रातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत हा केवळ विश्वास असतो, पुरावा नव्हे.

अशा उपक्रमांचा शेवट बहुधा यंत्र बिघडल्याने होत नाही. तो सुरू करणाऱ्या शिक्षकाची बदली किंवा निवृत्ती झाली की होतो. त्यावर उपाय कागदाचाच आहे. सर्व्हरची एक वही ठेवावी. काय बसवले, कोणत्या तारखेला बदलले, काय अडले, कसे सुटले, हे मराठीत लिहावे. पासवर्ड बंद लखोट्यात मुख्याध्यापकांकडे असावा. किमान दोन शिक्षकांना आणि एका माजी विद्यार्थ्याला सर्व टप्पे करता यावेत. संगणकाची आवड असणाऱ्या आठवी-नववीच्या मुलामुलींना या कामात घ्यावे, परंतु खऱ्या गुणांवर नव्हे. त्यांच्यासाठी दुसऱ्या जुन्या यंत्रावर पावसाच्या नोंदींचा फलक उभा करावा. आवारातील पर्जन्यमापकाचे रोजचे आकडे त्यांनीच भरावेत. लिनक्स, डेटाबेस आणि आलेख हे सारे त्यातून तसेच शिकता येते आणि कोणाचे खासगीपण उघडे पडत नाही.

माजी विद्यार्थ्यांकडे मागणे फार मोठे नाही. वापरात नसलेला एक चांगला डेस्कटॉप, एक एसएसडी, एक यूपीएस, आणि गणपती किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गावी आल्यावर दोन दिवसांचा वेळ. पैशांपेक्षा हे दोन दिवस अधिक मोलाचे आहेत. पालकांनी संमतिपत्र वाचूनच सही करावी. वाचता येत नसेल तर ते वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. आपल्या मुलाविषयी काय लिहिले आहे हे पाहण्याचा आणि चूक असल्यास दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यांचा आहे, हे शाळेने पहिल्याच पालकसभेत सांगावे.

या फलकामुळे कोणतेही मूल आपोआप हुशार होणार नाही. शिकवण्याचे काम शिक्षकालाच करावे लागेल, आणि संध्याकाळच्या अभ्यासिकेत मुलाशेजारी बसावेही लागेल. त्याने कोणाशेजारी आणि कोणता पाठ घेऊन बसायचे, एवढे मात्र यंत्र सांगू शकेल. लाल खूण दिसली की आधी शिकवणाऱ्याने उठायचे, ही रीत त्या फलकासोबत शाळेत रुजली, तर एका जुन्या संगणकाचे याहून चांगले सार्थक होणार नाही.